सिंहाच्या भुवया

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी चित्रकलेचा मास्तर. तालुक्याच्या गावी एका शाळेत ३४ वर्षं मुलांना चित्रकला शिकवली आणि निवृत्त झालो. सिनेमा हा काही माझा प्रांत नव्हे. तरी आज मी सिनेमाबद्दल बोलणार आहे, आणि त्याला कारण माझी नात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आली होती. वय वर्षं आठ. आल्या आल्या तिनं माझ्या कपाटातले कागद, खडू, पेन्सिली सगळं ताब्यात घेतलं. 'द लायन किंग' या कार्टून सिनेमाची एक जुनी सीडी आमच्याकडे होती, तिच्या बाबाच्या वेळची. ती अजून चालते हे आमचं नशीब. दुपारी आजी जरा लवंडली की आम्ही दोघं हळू आवाजात ती लावायचो. चार दिवसांत नातीनं वहीभर सिंह काढले. हसणारा सिंह, रुसलेला सिंह, आंघोळ नको म्हणून पळणारा छावा. प्रत्येकाला तिनं ठसठशीत भुवया काढल्या होत्या. रागावलेल्याच्या नाकाकडे उतरलेल्या, घाबरलेल्याच्या कपाळात चढलेल्या. कोणता सिंह कोणत्या मनःस्थितीत आहे हे बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

मग शनिवारी तिचे आईबाबा आले. रात्री बाबानं टीव्हीवर नवा 'लायन किंग' लावला, २०१९ सालचा. अगदी खराखुरा वाटणारा. नात डोळे विस्फारून बघत होती. सकाळी मी चहा घेऊन व्हरांड्यात आलो, तर ही वही उघडून, खोडरबर घेऊन बसलेली. एकेका सिंहाच्या भुवया खोडत होती.

'अगं, हे काय करतेस?'

'आजोबा, सिंहाला भुवया नसतात. हे सगळे चुकलेत.'

आता बघा, ती म्हणाली ते खोटं नव्हतं. सिंहाला आपल्यासारख्या भुवया नसतात. चित्रकलेच्या मास्तराला तर हे ठाऊक असायलाच हवं. पण ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. का, ते सांगण्यासाठीच आज तुमच्यासमोर आलो आहे. आधी थोडी या दोन सिनेमांची हकिकत सांगतो.

पहिला 'लायन किंग' डिस्ने कंपनीनं १९९४ साली काढला. दिग्दर्शक रॉजर ॲलर्स आणि रॉब मिनकॉफ. राजा मुफासा, त्याचा छावा सिम्बा आणि गादीवर डोळा ठेवून बसलेला काका स्कार. काका राजाला मारतो, पोराला वाटतं बाप आपल्यामुळेच गेला, ते परागंदा होतं आणि मोठं होऊन परत येतं. भाऊबंदकीची गोष्ट आपल्याला काही परकी नाही. सिनेमा चित्रकारांनी हातानं काढलेला. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. ८८ मिनिटांच्या या सिनेमाचा हिशेब केला तर सव्वा लाखाच्या वर चौकटी होतात. कधी प्रत्येक चौकटीला एक, तर कधी दोन चौकटींना मिळून एक, अशी चित्रं काढत जायचं. संगणक त्यांनीही वापरला. दरीत उधळलेला विल्डबीस्टचा तो प्रचंड कळप संगणकाच्या मदतीनं केलेला आहे. म्हणजे हात विरुद्ध यंत्र असं हे भांडण नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२०१९ साली जॉन फाव्रो या दिग्दर्शकानं तीच गोष्ट, बरेचसे तेच प्रसंग, तीच गाणी घेऊन पुन्हा सिनेमा केला. यावेळी मात्र सगळं हुबेहूब. गवताचं पातं, आयाळीतला केस, नाकावरचा ओलेपणा, अगदी जनावरांच्या चित्रफितीत दिसावं तसं. लांबी झाली ११८ मिनिटं. जगभरात या सिनेमानं १६० कोटी डॉलरहून अधिक धंदा केला.

हा एकटाच सिनेमा असता तर मी इतकं मनाला लावून घेतलं नसतं. पण ही रांगच लागली आहे. २०१० मध्ये 'ॲलिस इन वंडरलँड' आला आणि त्यानं १०० कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. २०१६ मध्ये 'द जंगल बुक', २०१७ मध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट', २०१९ मध्ये 'अलादीन', २०२३ मध्ये 'द लिटिल मर्मेड', २०२५ मध्ये 'स्नो व्हाइट'. सगळे आधी चित्रांतून सांगून झालेले सिनेमे. कंपनीच्या दृष्टीनं हा सौदा शहाणपणाचा आहे. ज्यांनी लहानपणी पहिला सिनेमा पाहिला, ते आता आईबाप झाले. नाव ओळखीचं, गाणी तोंडपाठ. मुलांना घेऊन जायला मन कचरत नाही. माझ्या मुलानं तरी दुसरं काय केलं?

काही सिनेमांत माणसं आहेत, त्यामुळे त्यांना जिवंत नटांचा सिनेमा म्हणता येतं. 'लायन किंग'मध्ये माणूसच नाही. खुद्द फाव्रो यांनी सिनेमा लागल्यावर जाहीर केलं की यात एकच दृश्य कॅमेऱ्यानं खरोखर टिपलेलं आहे. अगदी सुरुवातीचं, आफ्रिकेतल्या सूर्योदयाचं. कुणाच्या लक्षात येतं का बघायला त्यांनी ते मुद्दाम घातलं होतं. उरलेली १,४९० दृश्यं ॲनिमेशनच्या आणि संगणकाच्या कलाकारांनी तयार केलेली. म्हणजे ज्याला आपण खरा सिंह म्हणून बघत होतो, तोही काढलेलाच! त्या वर्षीच्या गोल्डन ग्लोब पुरस्कारांत याला ॲनिमेशनपट म्हणून नामांकन मिळालं आणि ऑस्करमध्ये दृश्य-परिणामांसाठी. याला म्हणावं तरी काय, हाच प्रश्न होता.

हे काम कसं केलं तेही ऐकण्यासारखं आहे. लॉस एंजेलिसमधल्या एका इमारतीत मंडळींनी डोळ्यांवर ते आभासी वास्तवाचे चष्मे चढवले. चष्मा चढवला की समोर आफ्रिकेचं माळरान. तिथं दिग्दर्शक आणि कॅमेरामन कॅलेब डेशानेल हिंडून जागा हेरत, कॅमेरा कुठून कुठं फिरवायचा ते ठरवत. मग प्राणी तयार करायचे. आधी सांगाडा, त्यावर स्नायू, स्नायूंवर कातडी, कातडीवर केस. केस बसवण्याचं काम करणारे लोक वेगळे. त्यांच्या भाषेत त्याला ग्रूमिंग म्हणतात. मग ॲनिमेटर त्या सिंहाला एकेक पाऊल चालवणार. शेवटी त्यावर ऊन पाडायचं, धूळ उडवायची. एमपीसी नावाच्या कंपनीनं हे केलं आणि तिचं एक मोठं केंद्र आपल्या बंगळूरला होतं. कारागिरी म्हणाल तर या लोकांपुढे हात जोडावेत अशी. मला नुसतं एक मांजर काढायला सांगितलं तरी मिशांपाशी माझी पेन्सिल अडखळते.

मग बिघडलं कुठं?

दरीतला तो प्रसंग आठवा. कळप निघून गेला आहे, धूळ खाली बसते आहे, मुफासा पडला आहे. छावा त्याला हाक मारतो, ढोसतो, कान ओढतो. मग त्याच्या निर्जीव पंजाखाली शिरून झोपतो. १९९४ च्या सिनेमात त्या छाव्याचा चेहरा बघवत नाही. भुवया वर चढतात, मधोमध येऊन थरथरतात, डोळ्यांत पाणी साचतं, खालचा ओठ मागं जातो. माझी नात दरवेळी या प्रसंगाला माझा हात धरायची. २०१९ च्या सिनेमात तेच होतं, त्याच क्रमानं होतं. पण खऱ्या छाव्याच्या चेहऱ्यावर दुःख दाखवायची सोयच नाही. तोंड उघडतं, आवाज येतो, चेहरा तसाच. नात शांतपणे बघत होती. तिचा हात तिच्या मांडीवर होता.

त्यातून एक गंमत लक्षात आली. दोन्ही सिनेमांत मुफासाचा आवाज एकाच नटाचा आहे, जेम्स अर्ल जोन्स यांचा. २०२४ मध्ये ते गेले. पहिल्या वेळी त्यांच्या आवाजातला दरारा आणि माया दोन्ही चेहऱ्यावर उमटत होती. दुसऱ्या वेळी आवाज तोच भरदार, पण तो सिंहाच्या तोंडातून येतोय की पडद्यामागून, असा प्रश्न पडावा.

तुम्ही म्हणाल, मास्तर, जुन्या चित्रकारांना खरा सिंह काढता येत नसेल, म्हणून त्यांनी असा काढला. इथंच तर गोम आहे. त्यांना तो उत्तम काढता येत होता. 'लायन किंग'च्या वेळी स्टुडिओत जिवंत सिंह आणून बसवला होता, चित्रकार त्याच्यासमोर बसून रेखाटनं करत. काही जण केनियाला जाऊन आले. पण ही पद्धत त्याहून पन्नास वर्षं जुनी. १९४२ मध्ये डिस्नेचा 'बांबी' आला, हरणाच्या पाडसाची गोष्ट. त्याच्या तयारीत हरणाची पाडसं स्टुडिओत आणून ठेवली होती. प्राण्यांची शरीररचना शिकवायला रिको लेब्रन या चित्रकाराला नेमलं होतं. हाडं कशी, सांधे कुठं, उडी मारताना वजन कोणत्या पायावर येतं, सगळं शिकून झालं. आणि मग त्यांना कळलं की नुसतं खरं हरीण काढलं तर गोष्ट सांगता येणार नाही. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, तोंड लांबोडकं, चेहऱ्याची हालचाल जेमतेम. तेव्हा मार्क डेव्हिस नावाच्या चित्रकारानं काय करावं? त्यानं माणसाच्या तान्ह्या बाळांच्या चेहऱ्यांचा अभ्यास केला. बाळ चकित झालं की कसं दिसतं, रडायच्या आधी ओठ कसे काढतं, ते बघितलं आणि ते भाव पाडसाच्या चेहऱ्यावर आणून बसवले. अंग हरणाचं, पाय हरणाचे, भाव बाळाचे.

त्याच सिनेमातलं जंगल टायरस वोंग या चित्रकारानं ठरवलं. तो चीनमध्ये जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला. त्यानं जुन्या चिनी निसर्गचित्रांचा धडा घेतला. झाडाचं पान न् पान काढण्याऐवजी धुक्यात बुडालेले चार बुंधे काढायचे आणि बाकीचं रान बघणाऱ्याच्या मनात उभं राहू द्यायचं. काय काढायचं यापेक्षा काय सोडायचं, हे ज्याला कळतं तो चित्रकार. हे वाक्य मी वर्गात हजार वेळा म्हटलं असेन. नव्या सिनेमांनी नेमकं सोडलेलं सगळं परत आणून भरलं. पान न् पान, केस न् केस. आणि त्या गर्दीत ज्या दोन रेघांनी चेहरा बोलत होता, त्या दोन रेघा गेल्या.

गाण्यांचंही तेच. जुन्या सिनेमात छावा राजा होण्याची स्वप्नं रंगवत गातो, तेव्हा पडद्यावरचे रंगच बदलतात. जमीन लाल-जांभळी होते, प्राणी एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरा रचतात. कारण ते जंगल नाहीच, ते एका पोराच्या डोक्यातलं चित्र आहे. नव्या सिनेमात त्याच गाण्यावर छावे पाणवठ्यावरच्या जनावरांमधून धावतात. खरे प्राणी मनोरा रचत नाहीत ना! पुढं सिम्बा आणि नाला यांचं प्रेमगीत आहे. गाण्याच्या शब्दांत रात्र, आणि पडद्यावर बहुतेक वेळ ऊन. तीच गत स्कारची. आंद्रेआस डेया यानं तो काढला होता. लांबुळका चेहरा, काळी आयाळ, हिरवे डोळे, हातवारे असे की एखादा कारस्थानी मुनीमजी वाटावा. नव्यात तो एक रोडावलेला, अंगावर व्रण असलेला सिंह आहे. चिडियाघरात बघितला तर कीव यावी असा. दुष्ट कसा वाटणार?

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हातारा जुन्याचे गोडवे गातोय असं वाटायचं. नव्या 'लायन किंग'मधला एक प्रसंग मला फार आवडला. सिम्बाच्या आयाळीतला एक झुपका वाऱ्यानं उडतो. पाण्यातून वाहतो, पाखराच्या चोचीत जातो, जिराफाच्या पोटात जातो, त्याच्या शेणातून बाहेर येतो, शेणकिडा तो गोळा ढकलत नेतो, मुंग्या केस वाहून नेतात, आणि अखेर तो रफिकी माकडाच्या हाती लागतो. त्याला कळतं, राजपुत्र जिवंत आहे. सृष्टीचं चक्र म्हणजे काय हे एक शब्द न बोलता सांगितलं आहे. इथं कुणालाही रडायचं नाही, हसायचं नाही. शेणकिड्याला शेणकिडाच राहायचं आहे. म्हणून हुबेहूबपणा तिथं शोभून दिसतो.

'द जंगल बुक'ही मला त्यामानानं बरा वाटला. तोही फाव्रोचाच, २०१६ चा, आणि तोही लॉस एंजेलिसमध्येच केलेला. पण त्यात मधोमध नील सेठी हा खरा मुलगा आहे. प्राण्यांच्या चेहऱ्यावर नाही सापडलं ते त्याच्या चेहऱ्यावर सापडतं. शिवाय हिंदीत ऐकताना आपल्याला ओळखीच्या आवाजांचा आधार होता. बल्लूला इरफान खान, बगीराला ओम पुरी आणि शेरखानला नाना पाटेकर. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनसमोर बसून ज्यांनी जपानी चित्रमालिकेतला मोगली पाहिला, त्यांना शेरखान म्हणजे नानांचाच आवाज. या मोगलीचं आमच्या चित्रकलेच्या मंडळींशीही नातं आहे. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईचा. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, आणि १८९४ च्या 'जंगल बुक'मधली काही चित्रं त्यांनीच काढलेली आहेत.

आणि २०२५ चा 'लिलो अँड स्टिच'. त्यानंही १०० कोटी डॉलर ओलांडले. त्यातला निळा प्राणी त्यांनी मूळ चित्रातला होता तसाच ठेवला. तेच मोठाले डोळे, तेच लांब कान, तेच रुंद तोंड. फक्त अंगावर केस आले. परग्रहावरचा असल्यानं 'असा प्राणी नसतो' असं म्हणायला कुणाला जागाच नव्हती. मला वाटतं, त्यामुळेच त्याचा चेहरा वाचला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती माझ्याबद्दलची आहे, आणि सांगायला थोडी जड जाते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीचा वर्ग, स्मरणचित्राचा तास. विषय दिला होता 'बैलपोळा'. मुलं चित्रं काढत होती, मी बाकांमधून फिरत होतो. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा, शेतकऱ्याचा. त्याच्या बैलाला झूल होती, शिंगांना बेगड होती, गळ्यात घुंगरमाळ. सगळं ठीक. पण बैलाचे दोन्ही डोळे समोर, माणसासारखे. आणि तो बैल चक्क हसत होता. मी ते चित्र उचलून वर्गाला दाखवलं. म्हटलं, 'बघा रे, बैल हसतो का कधी?' वर्ग खो खो हसला. तो मुलगा उभा राहिला आणि हळूच म्हणाला, 'सर, आमचा हसतो. पोळ्याला.'

मी काय करायला हवं होतं, हे आज मला स्वच्छ दिसतं. तेव्हा मी काय केलं? फळ्यावर बैलाचं तोंड काढून दाखवलं. डोळा बाजूला, नाकपुडी इथं, जबडा असा. त्याला म्हटलं, पुन्हा काढ. त्यानं निमूटपणे पुन्हा काढला. अगदी बरोबर काढला. त्याच्या शेजारच्यासारखा, माझ्या फळ्यावरच्यासारखा. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले. पहिल्याला मी चारच देणार होतो.

त्या मुलानं पुढं एलिमेंटरीच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही. कदाचित फीचा प्रश्न असेल, कदाचित शेतातली कामं असतील. मी विचारलं नाही. पण श्रोतेहो, त्याचा तो पहिला बैल मला आजही जसाच्या तसा डोळ्यांसमोर दिसतो. कपाळावरचा गुलाल, तिरपी झालेली झूल, ते हसू. दुसरा बैल कसा होता, मला अजिबात आठवत नाही.

मार्क डेव्हिसनं हरणाच्या पाडसाला बाळाचे भाव दिले, ते जगभर वाखाणलं गेलं. माझ्या वर्गातल्या पोरानं आपल्या बैलाला आपल्या घरातल्या माणसाचं हसू दिलं, तर मी त्याला खोडून काढायला लावलं. वर्षभर राबलेल्या जनावराला एक दिवस न्हाऊमाखू घालून पुरणपोळी खायला घातली की त्याच्या तोंडाकडे बघून घरच्यांना काय वाटत असेल, ते त्यानं काढलं होतं. बैल कसा दिसतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो रोज त्याला पाणी पाजत होता.

म्हणून खोडरबर घेऊन बसलेली नात बघितली आणि मला तो वर्ग आठवला. फरक एवढाच, की इथं मास्तर नव्हता. एका सिनेमानं, काही न बोलता, तिला सांगितलं होतं की तुझं चुकलं. या नव्या सिनेमांबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. ते वाईट आहेत असं नाही. जुना सिनेमा म्हणजे कच्चा खर्डा होता आणि आता आम्ही तो दुरुस्त करून दिला, असा एक समज त्यांच्यातून आपोआप पसरतो. चित्र म्हणजे जणू न जमलेला फोटो! आणि हा समज सर्वांत आधी बसतो तो पेन्सिल धरलेल्या पोरांच्या मनात.

आपल्याकडे ही कला आली कशी तेही या निमित्तानं सांगतो. क्लेअर वीक्स नावाचे डिस्नेचे एक चित्रकार होते, 'बांबी'वर काम केलेले. त्यांचा जन्म भारतातलाच. १९५६ च्या सुमारास ते मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तिथल्या मंडळींना त्यांनी ॲनिमेशन शिकवलं. त्यातून १९५७ साली 'द बनियन डिअर' हा छोटा सिनेमा झाला, जातककथेतल्या हरणावर. त्या तुकडीतले राम मोहन पुढं भारतीय ॲनिमेशनचे जाणते गुरू झाले. २०१९ मध्ये, म्हणजे नवा 'लायन किंग' आला त्याच वर्षी, ते वारले. अमेरिकेतल्या हरणाकडून मुंबईतल्या हरणाकडे हातानं हातात दिलेली ही विद्या. ती फोटोच्या मागं धावणारी नव्हती.

आणि ज्यांनी केस न् केस बसवला, त्यांचं काय झालं? डिसेंबर २०२४ मध्ये 'मुफासा' हा पुढचा भाग आला, तोही एमपीसीच्याच कलाकारांनी घडवलेला. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, एमपीसी ज्या टेक्निकलर समूहाची होती तो समूहच कोसळला. बंगळूर आणि मुंबईची कामं बंद झाली, हजारो कलाकार एकदम घरी बसले. त्या बातम्या वाचताना मला वाईट वाटलं. सिनेमा बघताना आपण म्हणतो, काय खरा सिंह आहे! तो खरा वाटावा म्हणून रात्री जागवणारा माणूस कुणाला दिसतच नाही, कारण त्याच्या कामाचं यश म्हणजे त्याचं काम न दिसणं. हातानं काढलेल्या चित्रात निदान हात तरी दिसतो.

आता शेवटचं. त्या सकाळी मी नातीला भाषण दिलं नाही. ते तुमच्यासाठी राखून ठेवलं! मी तिला म्हटलं, 'चल, शेजारच्या काकूंचा मोत्या बघू.' आम्ही दोघं पायरीवर बसून पंधरा मिनिटं त्या कुत्र्याकडे बघत राहिलो. काकू भाकरी घेऊन आल्या तेव्हा त्याचे कान कसे झाले, आणि त्या तशाच आत निघून गेल्या तेव्हा कसे झाले. नात म्हणाली, 'आजोबा, त्याला भुवया नाहीत, पण तो बिचारा वाटतोय.' मी म्हटलं, 'मग तो बिचारा वाटतोय, हे कागदावर कसं आणशील?'

ती घरी आली आणि तासभर बोलली नाही. दुपारी तिनं चित्र दाखवलं. सिंहच होता. भुवया नव्हत्या. पण दोन्ही कान खाली पडलेले, आणि कपाळावर मधोमध तीन आठ्या, आजीच्या कपाळावर हिशेब चुकला की पडतात तशा. मी विचारलं, 'सिंहाला आठ्या असतात का गं?'

ती म्हणाली, 'याला आहेत. याचे बाबा आलेले नाहीत अजून.'

मी चित्राखाली काही लिहिलं नाही. गुणही दिले नाहीत. कपाटाच्या दारावर ते चिकटवून ठेवलं आहे.

तुमच्या घरी कुणी लहान चित्र काढत असेल, तर हा प्राणी असा असतो का, असं विचारण्याआधी क्षणभर थांबा. आधी विचारा, याला काय झालंय? उत्तर मिळेल. मला एकदा मिळालं होतं, आणि मी ते ऐकलं नव्हतं.